गच्चीवर डेटा लॉगर लावलाय? मग या चुका टाळा

आपल्या इंदुरात हल्ली बरेच जण हौसेने नाहीतर शेतासाठी तापमान आणि आर्द्रतेचे डेटा लॉगर, म्हणजे ठरावीक वेळाने रीडिंग आपोआप लिहून ठेवणारी छोटी मशीन्स, लावतायत, छानच आहे, पण महिन्याभराने डेटा उघडला की मे महिन्यात ४९-५० डिग्री दिसतात आणि मग मशीनच खराब म्हणून परत करायला निघतात. मशीन बहुतेक वेळा ठीक असतं हो, जागा चुकलेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सेन्सर उन्हात लावणं. हवेचं तापमान मोजायचं ते सावलीत, वारा खेळता असेल तिथे. थेट ऊन पडलं की सेन्सर स्वतःच तापतो आणि लॉगर तेच लिहून ठेवतो. ओळखायचं कसं? दर मिनिटाचं रीडिंग असेल तर दुपारचा ग्राफ मोठा करून बघा, ढग सूर्यावरून गेला की दोन-तीन मिनिटांत तीन-चार डिग्री खाली आणि लगेच परत वर, असे करवतीसारखे दाते दिसले तर ते ऊनच आहे. काही जण प्लास्टिकच्या डब्याला चार भोकं पाडून त्यात सेन्सर ठेवतात, ते तर अजून वाईट, आत हवा कोंडते. त्यापेक्षा पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्या उलट्या करून, मधे बोटभर फट ठेवून एकावर एक बसवा, वरची सोडून बाकीच्यांना मधे मोठं भोक, आणि सेन्सर त्या पोकळीत टांगा. उंची सव्वा ते दोन मीटर, जागतिक हवामान संघटना हेच सांगते. पाण्याची टाकी, एसीचं बाहेरचं युनिट, भिंत, सगळ्यापासून लांब. गच्चीची फरशी रात्री उशिरापर्यंत गरमी सोडत राहते, त्यामुळे माळव्यातल्या थंड रात्री डेटात उतरतच नाहीत, आणि मला तर हेच नुकसान मोठं वाटतं, कारण दुपारचा चुकीचा आकडा निदान खटकतो, रात्रीचा सहज पटून जातो.

पावसाळ्यात आर्द्रता १०० वर अडकली तर आधी सेन्सर कोरडा होऊ द्या. मग तपासायचं असेल तर झाकणाच्या बरणीत वाटीभर मीठ, त्यात थोडंसंच पाणी, म्हणजे ओल्या वाळूसारखं, आणि सेन्सर वर, मिठाला न टेकता. सात-आठ तासांनी ७५ टक्क्यांच्या आसपास आलं पाहिजे.

हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या (hPa) आसपास दिसला तर घाबरू नका, इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर वर आहे, १०१३ हा समुद्रसपाटीचा आकडा.

मेमरीचं गणित लॉगर लावण्याआधीच करा. ३२,००० रीडिंगचा लॉगर दर मिनिटाला लावला तर २२ दिवसांत भरतो, दहा मिनिटांवर सात महिने चालतो. भरल्यावर थांबतो का जुनं पुसतो हे सेटिंगमधे बघून घ्या, ऐन पावसात कळून काय उपयोग!

घड्याळही बघा. बॅटरी बदलली की काही लॉगरची तारीख २००० सालावर जाते, काही यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ लिहितात, ती आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. एक्सेल कधीकधी तारीख आणि महिना उलटे घेतं, त्यामुळे ५ जुलैचा पाऊस ७ मे ला जाऊन बसतो, म्हणून मूळ फाइल तशीच जपून ठेवा. आणि पाऊस हवामान खात्याच्या आकड्याशी ताडायचा असेल तर बारा ते बारा नाही, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा धरा, खातं तसंच मोजतं.