सायबर इंटेलिजन्समध्ये डिग्री करायचीय? महाराष्ट्रात राहून कशी करायची ते सांगतो

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडं फोन सुरू होतात, कारण सगळ्या नात्यात "कंप्युटरमधलं ते पोलिसांसारखं काम" करणारा मी एकटाच. यंदा आत्याचा फोन सगळ्यात आधी. "अरे, पोरगं म्हणतंय सायबर इंटेलिजन्स करायचं, गूगलवर बघितलं तर सगळी अमेरिकेतली कॉलेजं येतायत, आपल्याकडं असतं का हे?" तिला तासभर फोनवर जे सांगितलं तेच जरा नीट लिहितोय, पुढच्या वर्षी हेच पाठवून देईन.

पहिली गोष्ट, या नावाची डिग्री आपल्या ॲडमिशनच्या यादीत शोधत बसू नका, दिवस वाया जातील. आपल्याकडं ही वाट तीन-चार वेगळ्या पाट्यांखालून जाते आणि इंटेलिजन्सचा भाग त्यात आपला आपण भरायचा असतो. तो कसा भरायचा हेच मुख्य सांगायचंय, पण आधी ही भानगड नेमकी काय आहे ते पुण्याच्याच उदाहरणावरून बघू.

ऑगस्ट २०१८. कॉसमॉस बँकेवर ११ आणि १३ तारखेला हल्ला झाला, एकूण ९४ कोटींच्या वर रक्कम गेली. एटीएम कार्डाचा व्यवहार बँकेचा जो स्विच तपासून मंजूर करतो, त्याला बाजूला ठेवून हल्लेखोरांनी स्वतःचा खोटा स्विच उभा केला, तो काय येईल त्याला "हो" म्हणत सुटला आणि शनिवारी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून क्लोन केलेल्या कार्डांवर ७८ कोटी निघाले, देशातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी. सोमवारी स्विफ्टमधून (बँका देशोदेशी पैसे पाठवायचे संदेश ज्यातून देतात ती यंत्रणा) आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला. आता गंमत बघा, त्याच्या आदल्या शुक्रवारी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयनं बँकांना गुपचूप इशारा दिला होता की येत्या दिवसांत जगभर एटीएममधून एकदम पैसे काढण्याचा मोठा प्रकार होणारे. असा इशारा शुक्रवारी संध्याकाळी हातात पडला तर त्याचं करायचं काय? आपल्या बँकेला तो लागू आहे का, आपला स्विच कुठला, परदेशातल्या व्यवहारांवर आज रात्री मर्यादा घालायची का, आणि हे सगळं घरी निघालेल्या साहेबाला अर्ध्या पानात कसं सांगायचं? हे काम ज्याचं, तो सायबर इंटेलिजन्सवाला. फायरवॉल बसवणारा वेगळा, हॅकिंग करून भोकं शोधणारा वेगळा.

आता पाट्या. सगळ्यात भक्कम म्हणजे चार वर्षांचं बी.टेक, कंप्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग आणि कंसात सायबर सिक्युरिटी. त्याचाच एक चुलतभाऊ म्हणजे "आयओटी अँड सायबर सिक्युरिटी इन्क्लुडिंग ब्लॉकचेन टेक्नॉलॉजी", नाव वाचतानाच दम लागतो, पण मान्यताप्राप्त आहे. यासाठी बारावी सायन्स, फिजिक्स-मॅथ्स घेऊन, ओपनला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के, आणि एमएचटी-सीईटी. सीईटीत मॅथ्सचे ५० प्रश्न प्रत्येकी २ मार्कांचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न एकेका मार्काचे, म्हणजे २०० पैकी १०० मार्क एकट्या मॅथ्सचे. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळं एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. पोरं केमिस्ट्रीच्या क्लासला पैसे ओततात आणि मॅथ्सला रडतात, उलटं करा. दहावीनंतर पॉलिटेक्निक केलेल्यांना डिप्लोमावर थेट सेकंड इयरला घेतात, हा रस्ता मला तर फार आवडतो, कारण ती पोरं नेटवर्कच्या वायरींना हात लावून आलेली असतात.

दुसरी पाटी बी.एस्सी.ची. पुणे विद्यापीठात "सायबर अँड डिजिटल सायन्स" नावाचं बी.एस्सी. आहे, इतर विद्यापीठांच्या कॉलेजांतही सायबर सिक्युरिटीचे बी.एस्सी. निघालेत. बीसीए केलं तरी चालतं, फक्त २०२४ पासून बीसीएलाही सीईटी सेलची सामायिक परीक्षा लागलीय, "बीसीए काय, कधीपण मिळतं" म्हणून निवांत बसू नका. तिसरी पाटी गुजरातची. गांधीनगरचं नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी आणि तिथल्याच भागातलं राष्ट्रीय रक्षा युनिव्हर्सिटी, दोन्ही केंद्राच्या २०२० च्या कायद्यानं झालेली. फॉरेन्सिकवाल्यांचा गोव्यातही कॅम्पस आहे, फोंड्याला, आणि नागपूरलाही आता सुरुवात झालीय. पोलीस, तपास, सरकारी नोकरी हेच डोक्यात असेल तर या दोघांचे फॉर्म चुकवू नका.

बी.टेक की बी.एस्सी. हा वाद घरोघरी चालतो. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. झेपत असेल तर बी.टेक. कारण २०२३ मध्ये इंटेलिजन्स ब्युरोनं टेक्निकलच्या एसीआयओच्या (गुप्तचर अधिकाऱ्याचं एक पद) २२६ जागा काढल्या तेव्हा गेटचा (इंजिनिअरिंगनंतरची देशपातळीवरची परीक्षा) स्कोअर मागितला होता आणि सोबत कंप्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्समधलं बी.टेक, नाहीतर मग थेट एम.एस्सी.-एमसीए. नुसत्या बी.एस्सी.वर फॉर्मच भरता येत नव्हता. प्रायव्हेटमध्ये मात्र हा फरक दोन वर्षांत पुसला जातो, आमच्या टीममधली सगळ्यात तल्लख पोरगी बी.एस्सी.वाली आहे.

कागदपत्रं, यात दरवर्षी रडारड होते म्हणून सांगतो. डोमिसाईल, जात प्रमाणपत्र असेल तर त्याची व्हॅलिडिटी, नॉन क्रिमिलेअर ॲडमिशनच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं. व्हॅलिडिटीला वेळ लागतो, अकरावीतच अर्ज टाका. मुलींसाठी आत्याला मुद्दाम सांगितलं (तिला धाकटी मुलगी आहे), २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. कॅपचा (सरकारी केंद्रीय ॲडमिशन प्रक्रिया) ऑप्शन फॉर्म भरताना मनातला खरा क्रम टाका, कारण २०२५ ला पहिल्या राउंडला पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं की ॲडमिशन आपोआप फ्रीझ, म्हणजे तिथंच पक्की, होत होती, "बघू पुढच्या राउंडला" चालत नव्हतं. तुमच्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, सायबर कॅफेवाल्या दादावर सोडू नका.

आता डिग्री मिळायला लागतं काय. नव्या शैक्षणिक धोरणात सगळा हिशोब क्रेडिटचा. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा ३० तास. तीन वर्षांच्या डिग्रीला किमान १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला किंवा बी.टेकला किमान १६०. पहिल्या वर्षानंतर सोडलं तर ४० क्रेडिट आणि वर एखादा जास्तीचा कौशल्याचा कोर्स यावर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर तसंच ८० वर डिप्लोमा, पण सोडायचं मनात धरून कोणी जाऊ नये. क्रेडिट जमा होतात अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, त्याचा आयडी डिजिलॉकरवरून पहिल्याच महिन्यात काढा आणि आधारवरचं नाव नि मार्कशीटवरचं नाव एक आहे का बघा. माझ्या एका मित्राच्या नावात एक "एच" जास्तीचा होता, त्या एका एचनं त्याला फायनल इयरला तीन आठवडे खिडकी ते खिडकी फिरवलं.

विषय कुठले? मॅथ्स सुटत नाही, डिस्क्रीट मॅथ्स आणि प्रोबॅबिलिटी तर मनापासून करा, क्रिप्टोग्राफी (माहिती कुलूपबंद करायचं शास्त्र) सगळी त्यावर उभी आहे. मग सी, पायथन, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क. यातला नेटवर्क हा विषय पाठ करून पास होता येतो आणि तिथंच घात होतो. ओएसआयचे (नेटवर्कचं काम समजावणारा पुस्तकी आराखडा) सात थर तोंडपाठ पण वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) एक डीएनएसची क्वेरी, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता विचारणं, दाखव म्हटलं की गप्प, अशी पोरं इंटरव्ह्यूला रोज येतात. घरी जुना लॅपटॉप असेल तरी व्हर्च्युअलबॉक्स (एका कंप्युटरच्या आत दुसरे कंप्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, त्यात दोन लिनक्स मशीन एकमेकांशी बोलायला लावा आणि मधलं बोलणं वायरशार्कमध्ये बघत बसा, पहिल्या सेमला एवढंच केलं तरी पुष्कळ. तिसऱ्या वर्षापासून फॉरेन्सिक्स (डिजिटल पुरावे तपासणं), मालवेअर ॲनॅलिसिस (घातक सॉफ्टवेअर उकलून बघणं), एथिकल हॅकिंग येतं, ते तुम्ही तसंही आवडीनं कराल.

आणि एथिकल हॅकिंगवरून आठवलं. आमच्या हॉस्टेलला एकानं हौसेनं अख्ख्या कॅम्पसच्या नेटवर्कवर एनमॅप (कुठली मशीन चालू आहेत, कुठली दारं उघडी आहेत ते शोधणारं टूल) चालवला, काही चोरलं नाही, नुसतं बघत होता म्हणे. दुसऱ्या दिवशी एचओडींच्या केबिनबाहेर उभा, वडिलांना गावाहून बोलावलं, ते एसटीनं रात्रभर प्रवास करून आले. माफीनाम्यावर सुटला. आयटी ॲक्ट २००० चं कलम ४३ आणि ६६ एकत्र वाचा, परवानगी नसताना दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये वाईट हेतूनं शिरलात तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू वाईट नव्हता हे तुम्ही कोणाकोणाला पटवत बसणार? सराव करायचा तो स्वतःच्या व्हर्च्युअल मशीनवर, नाहीतर ट्रायहॅकमी, पिकोसीटीएफ असल्या सरावासाठीच्या साइटवर.

इंटेलिजन्स कुठं भरायचं ते आता. ओपन इलेक्टिव्ह आणि मायनर असे डबे सिलॅबसमध्ये मोकळे असतात, पोरं तिथं "सोपं काय" बघून भरतात. तुम्ही तिथं आंतरराष्ट्रीय संबंध, मानसशास्त्र, संख्याशास्त्र, कायदा असलं काहीतरी घ्या. कॉलेजात नसेल तर स्वयमवरून (सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) करा, नियमानं ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून आणता येतात, कॉलेजची मान्यता आधी लेखी घ्या मात्र. परदेशी भाषा जमली तर सोनं, पुण्यात असाल तर फर्ग्युसन रोडवरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन, जपानी शिकता येतं, हॅकर्सच्या रशियन फोरमवरचं बोलणं मशीन ट्रान्सलेशनमधून वाचणं आणि स्वतः वाचणं यात फार अंतर आहे.

मग धंद्याची हत्यारं. मायटर अटॅक नावाची फुकट यादी आहे, हल्लेखोर काय काय युक्त्या करतात त्याची, ती उघडून कॉसमॉसचा हल्ला त्यात टप्प्याटप्प्यानं बसवून बघा, एक अख्खा रविवार जाईल. एमआयएसपी नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर टाकून बघा, धोक्याची माहिती संस्था एकमेकांना त्यातून देतात. माहिती कोणाला दाखवायची त्याचे रंग असतात, रेड म्हणजे फक्त समोर बसलेल्यांपुरतं, मग अँबर, ग्रीन, क्लिअर. आणि बातमीला ग्रेड द्यायची जुनी पद्धत आहे, बातमी देणारा किती भरवशाचा ते ए ते एफ आणि बातमी कितपत खरी ते १ ते ६, दोन्ही वेगवेगळं. भरवशाचा माणूसही ऐकीव सांगू शकतो ना.

पण खरी गोची लिहिण्याची. इंजिनिअरिंगची पोरं दहा पानं लिहितात आणि दहाव्या पानावर मुद्दा. इथं मुद्दा पहिल्या ओळीत लागतो. "कदाचित", "बहुधा", "जवळपास नक्की" हे शब्द आपण बोलताना कसेही फेकतो, रिपोर्टमध्ये प्रत्येकाला वजन असतं, बहुधा लिहिलंत तर का बहुधा ते पुढच्या वाक्यात सांगावं लागतं. मला हे कॉलेजात कोणी शिकवलं नाही, पहिल्या नोकरीत माझ्या मॅडमनं माझा रिपोर्ट लाल करून करून शिकवलं.

इंटर्नशिपला नव्या पॅटर्नमध्ये बी.टेकला १२ क्रेडिट आहेत, म्हणजे थोडेथोडके नाहीत. पैसे घेऊन सर्टिफिकेट देणाऱ्या "इंटर्नशिप" भरपूर झाल्यात, त्यांच्या नादी लागू नका. एखाद्या सहकारी बँकेत, पतसंस्थेत, हॉस्पिटलच्या आयटीत जा, तिथं कामाला माणूस नसतो, तुम्हाला लॉग, म्हणजे सिस्टीममध्ये काय काय घडलं त्याच्या नोंदी, बघायला मिळतील. सर्ट-इनच्या (सायबर घटनांसाठीची केंद्र सरकारची संस्था) एप्रिल २०२२ च्या आदेशानं सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, तिथं हे कसं पाळतात (किंवा पाळत नाहीत) हे बघणंच एक शिक्षण. फायनल इयरचा प्रोजेक्टही यातूनच निघतो, आणखी एक "फेक न्यूज डिटेक्शन" नको. बाकी ७५ टक्के हजेरी आणि एटीकेटीचं गणित तुम्हाला सीनियर सांगतीलच.

पहिली नोकरी बहुतेक एसओसीत (चोवीस तास सिस्टीमवर नजर ठेवणारं केंद्र) एल-वनची, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीची, लागते, नाईट शिफ्ट, अलर्टवर अलर्ट, आणि शंभरातले बहुतेक खोटे. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली "रात्रीची ड्युटी? मग लग्नाचं कसं?" त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पोराला मी सुट्टीत एक काम दिलं. सर्ट-इनच्या साइटवरची एक सूचना उचल आणि आपल्या गावच्या पतसंस्थेच्या मॅनेजरला उद्या सकाळी काय करायचं ते कळेल असं अर्धं पान मराठीत लिही. चार दिवसांनी आलं, अडीच पानं. परत पाठवलीत.