पुन्हा ओळख विचारण्याआधीची तयारी

साइट किंवा अ‍ॅप बनवताना, लॉगिन झालेल्या माणसाला पुन्हा ओळख कधी विचारायची हे ठरवायचं असतं. आधी कागदावर लिहून काढा की कुठल्या कृतीनं खातं वापरणाऱ्याच्या हातून जाऊ शकतं. पासवर्ड, ईमेल किंवा मोबाइल नंबर बदलणं, दुसरा घटक (पासवर्डशिवाय ओळख पटवणारी ओटीपीसारखी दुसरी खूण) काढून टाकणं, पैसे पाठवणं, सगळा डेटा उतरवून घेणं. ओळख पुन्हा विचारायची ती इथे, कारण उघडा राहिलेला लॅपटॉप किंवा चोरलेली सेशन कुकी (लॉगिन झालंय हे लक्षात ठेवणारी ब्राउझरमधली नोंद) ज्याच्या हाती लागते तो थेट याच पानांवर येतो. नुसत्या वाचायच्या पानावर पासवर्ड मागू नका. दिवसातून दहादा मागितला की माणसं न बघता टाइप करतात, आणि खोट्या पानावरही तसाच देऊन बसतात.

मग किती वेळानं पुन्हा ओळख विचारायची ते ठरवा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१७ मध्ये सुरक्षिततेच्या मधल्या पातळीसाठी १२ तास, किंवा ३० मिनिटं काहीच हालचाल नसेल तर, अशी मर्यादा घातली होती. २०२५ च्या आवृत्तीत ती २४ तास आणि १ तास अशी सैल केली आहे.

तपासणी सर्व्हरवरच हवी. ब्राउझरमध्ये बटण लपवून काहीही साधत नाही. ओपनआयडी कनेक्ट (दुसऱ्या सेवेकडून लॉगिन करून घ्यायची पद्धत) वापरत असाल तर विनंतीत कमाल वय, म्हणजे लॉगिन किती जुनं चालेल ते, पाठवून थांबू नका, कारण ती विनंती ब्राउझरमधून जाते आणि वाटेत बदलता येते. परत आलेल्या टोकनमधली, म्हणजे त्या सेवेनं दिलेल्या ओळखीच्या दाखल्यातली, लॉगिनची वेळ स्वतः तपासा. ओळख पटली ती त्याच खात्याची ना, हेही बघा. हे हमखास राहून जातं. त्यानंतर सेशनचा क्रमांक नवा द्या, म्हणजे चोरलेला जुना चालणार नाही.

नंबर बदलताना नव्या नंबरवरचा ओटीपी एवढंच सांगतो की तो फोन समोरच्याच्या हातात आहे. खातं त्याचंच आहे हे जुन्या घटकानं किंवा पासकीनं (फोन वा संगणकात साठवलेली, पासवर्डऐवजी चालणारी किल्ली) सिद्ध करून घ्या, आणि बदलाची खबर जुन्या नंबरवर किंवा ईमेलवर पाठवा. फोन हरवलेल्यांसाठी वेगळी वाट आधीच आखून ठेवा, नाहीतर मदतकक्षातला माणूस जन्मतारीख विचारून दार उघडून देईल.

भरलेला मजकूर जपा, ही माझी कळकळीची विनंती. एका लांबलचक अर्जाच्या शेवटच्या पानावर माझं सेशन संपलं. पुन्हा लॉगिन केलं तर समोर पहिलं पान, कोरं. ओळख पटताच माणूस होता तिथेच, त्याच ओळीवर परतला पाहिजे.

शेवटी दोन ब्राउझरमध्ये एकच खातं उघडा. एकात पासवर्ड बदला, आणि दुसरं सेशन बंद पडतं का ते पाहा.