अमेरिकेतल्या घरी पाहुणे बोलावताय? स्वयंपाकघरातल्या या चुका टाळा

इथे नवीन आलेल्या बहुतेक मराठी घरांत पहिलं मोठं जेवण कुठेतरी अडतंच, आणि ते काही स्वयंपाक येत नाही म्हणून अडत नाही. वर्षानुवर्षं पुण्यात नाहीतर नागपुरात उत्तम स्वयंपाक केलेल्या माणसाचंही अडतं, कारण हात तोच, अंदाज तोच, पण पीठ वेगळं, शेगडी वेगळी, वीज वेगळी आणि येणाऱ्या पाहुण्यांच्या सवयीही वेगळ्या. मग पंधरा-वीस माणसं दारात उभी असताना एकेक गोष्ट लक्षात यायला लागते. त्यातल्या ज्या चुका सगळ्यात जास्त होतात आणि ज्या आधी माहीत असल्या तर सहज टळतात, त्या इथे लिहितेय.

मेनू आधी ठरवला, पाहुण्यांना विचारलंच नाही

ही सगळ्यात गंभीर, म्हणून पहिली. आपल्याकडे जेवायला बोलावताना फार तर व्हेज की नॉनव्हेज, उपवास आहे का, कांदा-लसूण चालतो का एवढंच विचारायची पद्धत आहे. इथे ॲलर्जीचं विचारावंच लागतं, आणि मराठी स्वयंपाक असेल तर नक्कीच, कारण दाण्याचं कूट आपण कुठेकुठे घालतो हे आपल्याला स्वतःलाच पटकन आठवत नाही. शेजारीण दारातच विचारते, जेवणात शेंगदाणे आहेत का गं, आणि आपण म्हणतो छे, नाहीत, कारण आपल्या डोळ्यासमोर अख्खे दाणे असतात. तिकडे टेबलावर काकडीच्या कोशिंबिरीत कूट आहे, भरल्या वांग्यांच्या मसाल्यात आहे, अळूच्या फतफत्यात दाणे शिजलेत आणि ताटात डावीकडे वाढलेल्या चटणीत तर आहेतच. ज्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे त्याला त्यातला एक चमचासुद्धा जिवावर बेतू शकतो, त्यामुळे हा विषय "थोडंसंच आहे, काय होतंय" म्हणून सोडून द्यायचा नाही.

तिळाचंही तसंच. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा मुख्य ॲलर्जन (ॲलर्जी आणणारा पदार्थ) धरला जातो आणि पाकिटावर तो लिहावा लागतो, पण आईने करून पाठवलेल्या गोडा मसाल्याच्या डब्यावर कोण लिहिणार? आणि गोड्या मसाल्यात तीळ असतात, म्हणजे आमटीत आले, मसालेभातात आले. तिसरी गोष्ट हिंग. बाजारात मिळणाऱ्या हिंगाच्या पुडीत बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे ज्याला गहू अजिबात चालत नाही त्याच्यासाठी नुसता भात आणि वरण केलं तरी फोडणीतून गहू जातोच. बिनगव्हाचा हिंग वेगळा मिळतो, डबी उलटी करून वाचून घ्या.

काय करायचं: बोलावतानाच मेसेजमध्ये विचारायचं, मोठ्यांचं आणि मुलांचंही. कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे असं कळलं तर त्याच्यापुरतं वेगळं काढून ठेवण्याच्या भानगडीत पडू नका, त्या दिवशी कुटाचा डबा कपाटातून बाहेरच काढायचा नाही, कारण चमचे फिरतात, मिक्सरचं भांडं तेच असतं. कोशिंबिरीत ओलं खोबरं घाला, वांगी खोबरं-कांद्याच्या वाटणात करा, तेल सूर्यफुलाचं वापरा. आणि एखाद्या विकतच्या पदार्थात काय आहे ते नक्की माहीत नसेल तर सरळ सांगा की मला खात्री नाही, मुलाला देऊ नका. यात कमीपणा काही नाही, उलट त्या आईला फार बरं वाटतं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे भारतातून आलेले आई-बाबा, जे पक्के शाकाहारी असतात. इथल्या कितीतरी दह्यांमध्ये जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं) असतं, काही टॉर्टिया आणि डब्यातल्या रिफ्राइड बीन्समध्ये डुकराची चरबी असते (घटकांच्या यादीत लार्ड असं लिहिलेलं असतं), आणि अस्सल पार्मेजान चीज वासराच्या रेनेटवर, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणावर, बनतं. आई-बाबा इंग्रजी बारीक अक्षरं वाचत बसणार नाहीत, आपल्यावर विश्वास ठेवून खाणार, म्हणून ते वाचायचं काम आपलं.

नाव सारखं म्हणून वस्तू सारखी समजली

साध्या सुपरमार्केटमधलं होल व्हीट पीठ आणून पोळ्या केल्या आणि त्या पापडासारख्या कडक झाल्या, ही तक्रार मी कायम ऐकते. चक्कीवर दळलेल्या आट्यात दळताना स्टार्च जास्त तुटतो म्हणून तो पाणी भरपूर पितो आणि पोळी मऊ राहते. इथलं पीठ रोलरवर दळलेलं, कोंडा जाडसर, आपल्या अंदाजाने पाणी घातलं की पोळी लाटताना कडा फाटतात. इंडियन स्टोअरमधला चक्कीचा आटाच आणा. अगदीच नसेल मिळत तर हे पीठ चाळून घ्या, गरम पाण्यात नेहमीपेक्षा सैल भिजवा आणि निदान अर्धा तास झाकून ठेवा, बऱ्यापैकी जमतं.

पिठीसाखरेचं बघा. इथल्या पावडर शुगरमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून कॉर्नस्टार्च घातलेला असतो, त्यामुळे बेसनाच्या लाडवाला कच्च्या पिठाची चव येते आणि लोकांना वाटतं बेसन नीट भाजलं गेलं नाही. साधी साखर मिक्सरमधून काढा, विषय संपला. श्रीखंडासाठी तर दळायचीही गरज नाही, इथली साखर मुळातच बारीक असते, चक्क्यात मिसळून दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवली की विरघळते. चक्का करायला ग्रीक योगर्ट छान, पण पूर्ण फॅटचं आणि प्लेन घ्यायचं (घाईत व्हॅनिलाचा डबा हमखास उचलला जातो), घटकांमध्ये फक्त दूध आणि कल्चर असलं पाहिजे, आणि तेही फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये टांगायचंच, नाहीतर श्रीखंड सैल होतं.

खोबऱ्याचं तेच, बेकिंगच्या रांगेतलं खोबरं बऱ्याचदा गोड केलेलं असतं आणि त्याची चटणी खाण्यालायक राहत नाही. इंडियन स्टोअरच्या फ्रीजरमधलं किसलेलं ओलं खोबरं आणा, पूर्ण वितळू द्या आणि मगच वाटा. गणपतीत मोदकाच्या सारणासाठी तेच खोबरं वापरताना त्यातलं पाणी आटेपर्यंत नीट परता. उकडीसाठी थाई दुकानातलं तांदळाचं पीठ बारीक असल्यामुळे खूप जणी वापरतात आणि ते उत्तमच आहे, फक्त त्याच्या शेजारीच चिकट तांदळाच्या पिठाची जवळपास तशीच पिशवी असते, ती आणलीत तर मोदक हाताला, ओट्याला, चाळणीला सगळीकडे चिकटतील.

पनीर घरी करायचं असेल तर अल्ट्रा-पाश्चराइज्ड (टिकावं म्हणून खूप जास्त तापवलेलं) दूध आणू नका, त्याचा चोथा भुसभुशीत राहतो आणि वड्या पडत नाहीत. बरीचशी ऑरगॅनिक दुधं अशी असतात, कार्टनवर लिहिलेलं असतं. दह्याला मात्र ते चालतं. तूप कढवायला बिनमिठाचं बटर, ४५४ ग्रॅमच्या पाकिटातून साधारण ३५० ग्रॅम तूप निघतं, त्या हिशोबाने आणा.

शेगडी ओळखीची नाही आणि फोडणी जळते

गॅसची शेगडी नसलेल्या घरात ही रोजची गोष्ट. इलेक्ट्रिक कॉइल किंवा काचेची शेगडी बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते. आपण सवयीने मोहरी तडतडली की बटण बंद करतो आणि भांडं तिथेच ठेवतो, तेवढ्यात जिरं काळं, हिंग कडू. फोडणीचं भांडं उचलून बाजूच्या थंड बर्नरवर ठेवायचं, हळद-तिखट तिथेच घालायचं. उरलेल्या उष्णतेत पुरेसं होतं.

काचेच्या शेगडीवर गोल बुडाची कढई आणि खोलगट तवा तापतच नाही नीट, सपाट बुडाचे घ्या. इंडक्शन असेल तर भारतातून भांडी आणण्याआधी बुडाला चुंबक लावून बघा, चिकटला तर चालतं. आणि संक्रांतीला तिळगुळाचा पाक काचेवर उतू गेला तर "गार झाल्यावर पुसू" असं करू नका, साखर-गूळ थंड होताना काचेला धरतो आणि मग काचेचे टवके निघतात. बर्नर बंद करून, हाताला जपून, गरम असतानाच स्क्रेपरने काढा.

धुराचं काय? कित्येक अपार्टमेंटमध्ये शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतच नाही, जाळीतून फिरवून परत तुमच्याच तोंडावर सोडतो. त्यामुळे मिरच्यांची फोडणी झाली की स्मोक अलार्म बोंबलणार. मग काही लोक त्याची बॅटरी काढून ठेवतात, हे कृपा करून करू नका, वीस माणसं घरात, तेलाची कढई तापलेली, अशा दिवशीच तो चालू हवा. फोडणी घालण्याआधी खिडकी उघडायची, नंतर नाही. पुऱ्या आणि पापड पाहुणे यायच्या तास-दोन तास आधी तळून घ्या, पापड घट्ट डब्यात कुरकुरीत राहतात. तेलाने पेट घेतलाच तर पाणी अजिबात ओतायचं नाही, झाकण ठेवायचं आणि बर्नर बंद. हिवाळ्यात पाहुण्यांचे कोट बेडरूममधल्या पलंगावर टाकायची पद्धत असते, ते दार आणि कपाटांची दारं स्वयंपाक सुरू करायच्या आधी लावून घ्या, लोकरीत शिरलेला फोडणीचा वास ड्रायक्लीनिंगशिवाय जात नाही.

इडलीचं पीठ फुगलंच नाही

डिसेंबरात शिकागोकडे घर ६८ फॅरेनहाइटवर, म्हणजे २० सेल्सियसवर ठेवलेलं असतं, त्यात पीठ रात्रभरात आंबेल अशी अपेक्षाच चुकीची. त्याला ३० सेल्सियसच्या आसपास ऊब लागते. ओव्हन बंद ठेवून फक्त आतला दिवा लावा आणि पातेलं आत ठेवा, किंवा इन्स्टंट पॉटचा (म्हणजे इलेक्ट्रिक प्रेशर कुकरचा) योगर्ट मोड वापरा. तरी बारा-पंधरा तास धरून चाला, म्हणजे रविवार सकाळच्या नाश्त्याचं पीठ शनिवारी दुपारपर्यंत वाटून झालं पाहिजे. पातेलं अर्ध्यापर्यंतच भरा. आणि ओव्हनच्या बटणावर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर घरातलं कोणीतरी पिझ्झासाठी ओव्हन तापवायला लावतं.

ऐन वेळी वीज जाते

वीज जात नाही, ब्रेकर (जास्त भार आला की वीज तोडणारं बटण) पडतो. इथल्या साध्या सर्किटवर ११०-१२० व्होल्ट आणि बऱ्याचदा १५ अँपिअर, म्हणजे एका वेळी साधारण १८०० वॅट. इन्स्टंट पॉट १००० वॅटचा, चहाची इलेक्ट्रिक किटली १५०० वॅटची, दोन्ही एका सर्किटवर लावलं की अंधार. भाताचा कुकर ओट्यावर, किटली जेवणाच्या टेबलाजवळ दुसऱ्या सर्किटवर, अशी विभागणी आधी करून बघा आणि ब्रेकरचं पॅनल घरात कुठे आहे ते पाहुणे यायच्या आधी शोधून ठेवा. भारतातला २३० व्होल्टचा मिक्सर इथे आणू नका, नुसता घरघरतो, खोबरं काही वाटलं जात नाही. ११० व्होल्टचे इंडियन मिक्सर इथेच मिळतात. इंग्लंड-जर्मनीला असाल तर मात्र आपला मिक्सर नुसत्या पिन-अडॅप्टरवर चालतो.

वेळ आणि आग्रह

साडेसहाला या म्हटलं की अमेरिकन शेजारी साडेसहाला दारात असतात आणि आपली मंडळी साडेसातला. शेजाऱ्यांची जेवायची वेळच सहा-साडेसहाची, ते दीड तास नुसत्या वेफर्सवर बसतात आणि मुलं पेंगायला लागतात. मिश्र पाहुणे असतील तर दारात पाऊल पडताच समोर ठेवता येईल असं काहीतरी, म्हणजे ढोकळा, कोथिंबीर वडी, तयार ठेवा आणि मुलांना आधी जेवू घाला. चपला-बूट बाहेर काढायचे असतील तर मेसेजमध्येच लिहा, दारात सांगितलं की लोक अवघडतात.

आग्रहाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आपल्या लोकांना जरूर करा, त्यांना तो हवाच असतो, पण ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्या ताटात न विचारता वाढू नका. ते संकोचाने खातात, नाहीतर ताटात टाकतात आणि दोघांनाही वाईट वाटतं. मसालेभातातली दालचिनी, तमालपत्र चावायचं नसतं हेही आधी सांगून टाका.

उरलेलं जेवण रात्रभर ओट्यावर

गप्पा रंगतात, भात आणि छोले टेबलावरच राहतात. इथला नियम दोन तासांचा आहे, शिजवलेलं अन्न त्याच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, आणि उन्हाळ्यात बाहेर अंगणात ३२ सेल्सियसच्या वर तापमान असेल तर एकच तास. भाताला तर हे नक्की लागू, कारण शिजल्यावरही त्यात टिकणारे जंतू बाहेर ठेवल्यावर वाढतात आणि त्यांचं काही विष परत गरम करूनही जात नाही. अख्खा कुकर फ्रिजमध्ये ढकलू नका, मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. पसरट डब्यांत थोडंथोडं काढा. त्यापेक्षा चांगलं म्हणजे जेवणं झाली की लगेच पाहुण्यांसाठी डबे भरून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि निघताना हातात द्यायचे.

सगळं सिंकमध्ये

पाहुणे मदत म्हणून ताटं विसळायला घेतात आणि उरलेलं सगळं डिस्पोजलमध्ये (सिंकच्या खाली बसवलेलं, खरकटं बारीक करणारं यंत्र) जातं. भात पाईपमध्ये फुगतो, कणीक चिकटते, बटाट्याची सालं आणि कोथिंबिरीच्या काड्या पात्यांत अडकतात, तूप गार पाण्याने आत थिजतं. रात्री अकराला सिंक तुंबलं तर प्लंबरचं बिल पूर्ण जेवणाच्या खर्चापेक्षा जास्त येऊ शकतं. सिंकशेजारी कचऱ्याची मोठी पिशवी लावलेला डबा ठेवा, ताटं आधी त्यात निपटा, तळणीचं तेल गार करून जुन्या बाटलीत भरून कचऱ्यात टाका. डिस्पोजल अडकलंच तर आत हात घालू नका. आधी बटण बंद, जमलं तर प्लगही काढा, मग चिमट्याने अडकलेलं बाहेर काढा, बहुतेक वेळा एखादा स्टीलचा चमचाच असतो. खाली बुडाला एक षटकोनी भोक असतं, त्यात ॲलन की घालून पुढे-मागे फिरवलं की पाती मोकळी होतात, आणि तरीही मोटर नुसती गप्प असेल तर बुडालाच असलेलं छोटं लाल बटण दाबा.