प्राणी संरक्षणाचा कायदा : कुत्रा पाळणाऱ्यांनी आणि पशुपालकांनी या चुका टाळा

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० सालचा आहे आणि त्याच्या कलम ११ खालील गुन्हा पहिल्यांदा केल्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये एवढाच आहे. कोथरूडच्या सोसायटीत कुत्रा पाळणारे असोत किंवा खेड-जुन्नरकडे म्हशींचा गोठा सांभाळणारे असोत, कायद्यातील हा एकच आकडा बहुतेकांना पाठ असतो. पशुसंवर्धन खात्यात नोकरी करताना आणि आता निवृत्तीनंतर लोक सल्ल्यासाठी येतात तेव्हाही, "साहेब, पन्नास रुपये भरून मोकळे होऊ" हे वाक्य मी सतत ऐकत आलो आहे. पन्नास रुपये भरून मोकळा झालेला माणूस मात्र माझ्या पाहण्यात नाही. जनावर जप्त होते, वाहन अडकून पडते, गोशाळेतील चाऱ्याचा आणि उपचारांचा खर्च अंगावर येतो, त्याच गुन्ह्याला दुसऱ्या कायद्यांची कलमे जोडली जातात आणि तारखांना हजर राहण्यात हंगाम निघून जातो. पुढे लिहिलेल्या बहुतेक चुका या एका गैरसमजातूनच होतात.

"सहा जनावरांची मुभा आहे" असे समजणे

ही चूक करणारा माणूस बहुधा अर्धा नियम वाचलेला असतो, म्हणून त्याला समजावणे अवघड जाते. प्राणी वाहतूक नियम, १९७८ मध्ये मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गोवंश किंवा म्हशी नेऊ नयेत असे म्हटले आहे. ही कमाल मर्यादा आहे. कोणत्याही गाडीत सहा जनावरे भरण्याचा तो परवाना नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत नंतर जोडलेल्या १२५-ई या नियमाने प्रत्येक गाईला किंवा म्हशीला दोन चौरस मीटर आणि प्रत्येक शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर जागा ठरवून दिली आहे. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या पिकअपचा हौदा साधारण अडीच मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद धरला, तर क्षेत्रफळ साडेचार चौरस मीटरच्या आतच राहते. म्हणजे त्या गाडीत दोन म्हशी बसतात. तिसरी चढवली की नियम मोडला, मग सहाचा आकडा कितीही वेळा सांगितला तरी उपयोग होत नाही.

खेड तालुक्यातील एका दूध उत्पादकाने चाकणच्या शनिवारच्या बाजारातून पाच म्हशी घेतल्या. भाडे वाचावे म्हणून पाचही एकाच पिकअपमध्ये चढवल्या. त्यातली एक आदल्या दिवशीच व्यालेली होती, कारण सडाखाली दूध बघून म्हैस घेण्याची आपली रीत आहे आणि विकणाराही ताजी व्यालेली म्हैस मुद्दाम बाजारात आणतो. व्याल्यानंतर बहात्तर तासांच्या आत जनावर गाडीत चढवू नये, असे प्राणी वाहतूक नियमच सांगतात. पशुवैद्यकाचा दाखला घेतलेला नव्हता. हौद्यात ना पाचट होते ना काथ्याची चटई, उघड्या लोखंडी पत्र्यावर शेण आणि मूत्र पसरून घसरडे झाले होते. गाडी तपासणीसाठी थांबवली गेली तेव्हा ती व्यालेली म्हैस खाली बसलेली होती आणि शेजारणीचा खूर तिच्या पुढच्या पायावर पडून गुडघ्याखालची कातडी सोलवटली होती. मला तिथे बोलावण्यात आले होते. म्हैस उठवायला गेलो तर तिला पाय रोवायला जागाच नव्हती, म्हणून आधी मागची दोन जनावरे उतरवावी लागली.

त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, कत्तलीचा तर प्रश्नच नव्हता. तरीही गुन्हा नोंदला गेला आणि म्हशी गोशाळेत गेल्या. मुद्देमालातील जनावरांच्या देखभालीसाठी २०१७ साली स्वतंत्र नियम झाले आहेत. खटला चालू असेपर्यंत जनावरे कोणाच्या ताब्यात ठेवायची हे दंडाधिकारी ठरवतात, वाहन खर्चाची हमी म्हणून अडकवून ठेवता येते, आणि वाहतुकीच्या गुन्ह्यात गाडीमालक, माल पाठवणारा, माल घेणारा व दलाल हे सगळे चाऱ्याच्या आणि उपचारांच्या खर्चाला एकत्रितपणे व स्वतंत्रपणेही जबाबदार धरले जातात. या शेवटच्या तरतुदीची कल्पना ना गाडीवाल्याला होती ना दलालाला, आणि ती कळल्यावर दोघेही फोन उचलेनासे झाले. म्हशी परत मिळेपर्यंत त्यांतील तीन आटल्या होत्या. एका खेपेचे भाडे वाचवण्यासाठी हे घडले.

माझी सवय सांगतो. गाडी ठरवण्याआधी हौदा फूटपट्टीने मोजावा आणि मगच सौदा करावा. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून, जनावर प्रवासास योग्य आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही, असा दाखला खेप निघण्यापूर्वी घ्यावा. तो वाटेत मागवता येत नाही आणि घडून गेल्यावर मागच्या तारखेने मागणाऱ्यांना मी नेहमी दारातूनच परत पाठवले आहे. हौद्यात पाचटाचा जाड थर द्यावा, तोंडे इंजिनाकडे ठेवावीत, सोबत एक माणूस असावा, आणि त्याच गाडीत पेंडीची पोती टाकण्याचा मोह आवरावा. व्यालेली म्हैस पसंत पडली तर इसार देऊन तिला तीन दिवस विकणाऱ्याच्या दावणीला राहू द्यावे. घाई असलेल्या नवख्या गिऱ्हाइकाला हे पटत नाही, त्याला सगळे त्याच दिवशी घरी न्यायचे असते.

कानातला बिल्ला काढून टाकणे

बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला हा जनावराचा ओळखीचा पुरावा आहे. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री बंद करण्यात आली आहे. तुटला तर दवाखान्यात जाऊन नवा मारून घ्यावा आणि नोंद आपल्या नावावर झाली का हे तिथेच पाहावे.

कुत्र्याच्या हक्कांची पाठांतरे करणे आणि लसीची वही हरवणे

सोसायटीने कुत्रा पाळण्यावर बंदी घालू नये, लिफ्ट वापरू देण्यास नकार देऊ नये, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. या सूचना पुण्यातील प्रत्येक श्वानप्रेमीच्या मोबाइलमध्ये असतात आणि त्या असायलाही हव्यात, कारण उपविधी बदलून कुत्र्यांना हद्दपार करू पाहणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत. पण हक्क मागणाऱ्याने आधी आपल्याकडची कागदपत्रे चोख ठेवावीत. पुणे महापालिकेचा परवाना किती जणांकडे असतो? त्यासाठी रेबीजविरोधी लसीचे प्रमाणपत्र लागते आणि परवान्याचे नूतनीकरणही करावे लागते, एवढे सांगितले की बहुतेकांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसते.

बाणेरच्या एका सोसायटीत लिफ्टवरून वाद झाला तेव्हा कुत्र्याच्या मालकांनी मंडळाच्या सूचना छापून फलकावर लावल्या आणि बाजू जिंकली. पुढे त्याच कुत्र्याने गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या मुलाच्या पोटरीला चावा घेतला. मालक म्हणाले, लस झालेली आहे. वही उघडली तर शेवटचे स्टिकर दीड वर्षापूर्वीचे होते. लसीच्या कुपीवरचे, बॅच क्रमांक असलेले ते छोटे स्टिकर हाच खरा पुरावा असतो. डॉक्टरांची सही आहे पण स्टिकर नाही, अशा नोंदीवर मी भरवसा ठेवत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये याची खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या मुलाला लसीच्या सगळ्या मात्रा घ्याव्या लागल्या, त्याचे रोज बुडाले, आणि कुटुंबाने लिफ्टच्या वादात मिळवलेली सहानुभूती एका दिवसात गमावली. मला त्या मुलाचे अधिक वाईट वाटले, कारण जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी हेही त्याला कोणी सांगितले नव्हते, कोणीतरी हळद लावून दिली होती.

चावा लहान असला तरी जखम लगेच धुवावी, त्याच दिवशी दवाखान्यात जावे आणि कुत्र्याला दहा दिवस नजरेसमोर ठेवावे. "घरचाच कुत्रा आहे" या शब्दांवर विसंबू नये.

बाल्कनीतला कुत्रा

सकाळी आठ वाजता हिंजवडीला निघणारे आणि रात्री नऊला परतणारे जोडपे लॅब्रॅडोर आणते, आठवडाभर कौतुक होते आणि मग त्याची साखळी बाल्कनीच्या गजाला लागते. याला क्रूरता म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये अवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. त्याशिवाय, नेहमी साखळीत किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून आणण्यात हयगय करणाऱ्या मालकासाठी वेगळे उपकलम आहे. १९६० साली हे लिहिणाऱ्यांना पुण्याच्या अकराव्या मजल्याची कल्पना नसेल, पण वर्णन तंतोतंत जुळते. दिवसातून दोन वेळा अर्धा तास फिरवणे जमणार नसेल, तर कुत्रा आणू नये. यात मधला मार्ग मला मान्य नाही, आणि पगारी फिरवणारा ठेवून त्याच्याकडे कधी लक्ष न देणे हाही मार्ग नाही.

कंटाळा आल्यावर कुत्र्याला गाडीत घालून घाटात सोडून देणे हा त्याच कलमातील गुन्हा आहे.

पिल्लू घेतानाची चूक थोडक्यात सांगतो. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकण्यास २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनी मनाई आहे आणि प्रजनन करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. महिनाभराचे पिल्लू रस्त्याच्या कडेला टोपलीत दिसले म्हणून दया येऊन विकत घेणारा माणूस पुढच्या टोपलीची सोय करून देतो. कान कापणे, शेपूट छाटणे हेही त्याच नियमांनी बंद केले आहे.

भटक्या कुत्र्यांना वाटेल तिथे खायला घालणे, आणि त्यावर विष हा उपाय मानणे

२०२३ च्या प्राणी जन्मदर नियंत्रण नियमांनुसार सोसायटीने किंवा स्थानिक संस्थेने खाऊ घालण्याची जागा ठरवावी आणि ती जिना, प्रवेशद्वार व मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी. खाऊ घालणाऱ्यांनी दारातच वाट्या ठेवू नयेत आणि विरोध करणाऱ्यांनी भाकरीत विष कालवू नये. दुसरा प्रकार न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांच्या कैदेपर्यंत नेतो. हेच कलम शेजाऱ्याचा बैल अपंग करणाऱ्यालाही लागू होते.

गोठ्यातील आडवाटा

दूध लवकर सुटावे म्हणून ऑक्सिटोसिन टोचणारे गोठे आहेत. पान्हा सोडवायला वासरू किंवा रेडकू लावावे आणि दोन मिनिटे थांबावे, हा जुना मार्ग सोडून सुईकडे वळणाऱ्याला १९६० च्या कायद्याचे कलम १२ ठाऊक नसते. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला अपायकारक अशी कोणतीही क्रिया, इंजेक्शनसुद्धा, केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होतात आणि ते जनावर सरकारजमा होते. पन्नास रुपयांचा हिशोब करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

जनावराला ताप आला म्हणून माणसांचे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक देणेही थांबले पाहिजे. पशुवैद्यकीय वापरासाठी ते २००६ पासून बंद आहे, कारण ते घेऊन मेलेल्या जनावराचे मांस खाल्लेली गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. त्याऐवजी दवाखान्यात मेलॉक्सिकॅम मिळते.

उसाच्या हंगामात दौंड, इंदापूर, बारामतीकडे बैलगाड्या दिवसरात्र चालतात. ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ सालापासून नियम आहेत : दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त नाही, सलग पाच तासांनंतर विसावा, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन गाडी जुंपायची नाही. टोकदार आर लावलेली पराणी वापरण्यास मनाई आहे. मुकादमाची घाई बैलाच्या खांद्यावर उतरवू नये.

बैलगाडा शर्यतीला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी मान्यता दिल्यानंतर काही ठिकाणी सगळेच मोकळे झाल्याचा समज पसरला आहे. राज्याच्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि पशुवैद्यकाकडून बैलांची तपासणी लागते, धाव एक हजार मीटरपेक्षा लांब नसावी लागते, आणि नियम मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानगी यात्रेच्या आदल्या दिवशी मागणाऱ्या आयोजकांनी निदान पंचांग तरी आधी पाहावे.

पंचनाम्यावर न वाचता सही करणे

जप्ती झालीच, तर रस्त्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नये. वाटेत जमाव जमला तर ११२ क्रमांकावर फोन करून पोलिसांना बोलवावे आणि गाडीतील कागद त्यांनाच दाखवावेत. पंचनाम्यात "काळी म्हैस, वय अंदाजे पाच वर्षे" एवढेच लिहिलेले असते, आणि गोशाळेत अशा चाळीस म्हशी असू शकतात. म्हणून प्रत्येक जनावराच्या कानातील बाराही अंक, शिंगांचा आकार, कपाळावरचा चंद्र, आधीची जखम असल्यास ती कोणत्या पायाला आहे, हे सगळे लिहून घेण्याचा आग्रह धरावा, तिथल्या तिथे फोटो काढावेत, एक प्रत मागावी, आणि गाभण किंवा दुभते जनावर असेल तर तशी नोंद करून घ्यावी, म्हणजे गोशाळेत त्याचे दूध वेळेवर काढले जाईल.