डोंगर राखायचा तर आधी शेळीवाल्यांना विचारा

आमचं गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. गावाच्या उशाला ऐंशी एकरांचा माळ, माझ्या दावणीला अकरा उस्मानाबादी शेळ्या, आणि लग्नानंतरची एकोणीस वर्षं ऊसतोडीत गेलेली. आता कोयता सुटलाय आणि गावातल्या सतरा घरांबरोबर मी हा माळ राखते. आजूबाजूच्या गावांतल्या बाया विचारतात, "ताई, आम्हालाही करायचंय, सुरुवात कशापासून करू?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

झाडं लावण्यापासून सुरुवात करू नका. पावसाळा आला की रोपं येतात, फोटो निघतात आणि दिवाळीपर्यंत खड्ड्यात नुसती काडी उरते. उघड्या दिसणाऱ्या माळातही पळस, धावडा, हिवर, बोर यांची जुनी मुळं जिवंत असतात. दात, कुऱ्हाड आणि जाळ यांपासून ती तीन-चार वर्षं वाचवली की रान आपलं आपण वर येतं. तेव्हा पहिलं काम राखणीचं.

जमीन कुणाची?

तलाठ्याकडून (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) गावनकाशा आणि माळाचा सातबारा काढा. जमीन गायरान असेल तर ती महसूल खात्याची, वनखात्याची असेल तर बीटगार्डशी (वनरक्षकाशी) बोलल्याशिवाय तिथं कुदळ मारायची नाही, देवस्थानची असेल तर विश्वस्तांना बरोबर घ्यायचं. आमच्या माळात वरचा भाग वनखात्याचा आणि खालचा गायरान निघाला, म्हणून दोन्हीकडं अर्ज करावे लागले.

वनजमिनीवर गावाला राखणीचा आणि व्यवस्थापनाचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्यानं मागता येतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं तो मिळवून दाखवला. पण जे आदिवासी नाहीत त्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, तिथं राहून वनावर अवलंबून असल्याचा पुरावा लागतो. आमच्या भागात तो गोळा करणं अवघड जातं. तोवर संयुक्त वन व्यवस्थापन समितीतून काम सुरू करा. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिची नोंदवहीही मागून बघा. आपल्या माळावरची कोणती झाडं त्यात आहेत आणि कोणती राहून गेलीत, हे म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मराठवाड्यात गायरानावर भूमिहीन दलित कुटुंबं पिढ्यानपिढ्या कसतात. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांसाठीच्या सत्याग्रहापासूनचा तो इतिहास आहे, आणि 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा सरकारी निर्णयही आहे. जंगल राखायच्या नावाखाली कुणी त्यांना हुसकावू लागलं, तर तिथंच थांबवा. आम्ही कसलेली जमीन नकाशावर आधी बाजूला काढली आणि ती कसणाऱ्या चारही घरांना समितीत घेतलं.

ठराव कधी घ्यायचा

ही आमची मोठी चूक. पहिला ठराव आम्ही 26 जानेवारीच्या ग्रामसभेत घेतला. तेव्हा अर्धं गाव ऊसतोडीला, फडावर. सभेला होते ते बागायतदार, मास्तर, म्हातारी माणसं आणि मी. अख्खा माळ बंद, शेळी दिसली की पाचशे रुपये दंड. सगळ्यांत मोठ्यानं मीच बोलले होते. एप्रिलात ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या, लोक शेळ्या घेऊन वर गेले, तर समोर दंडाची पाटी. पुढच्या मार्चात एका रात्री माळ पेटला. एका पावसाळ्याचं गवत आणि कमरेएवढे आलेले फुटवे सकाळपर्यंत काळे झाले. कुणी पेटवलं ते आम्ही शोधलं नाही. ज्या घरात शेळी विकली तर दवाखान्याचा खर्च निघतो, त्या घराला न विचारता आम्ही त्याचं कुरण बंद केलं होतं.

म्हणून ठराव 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत घ्या. टोळ्या गावात असतात, डोळ्यासमोर हिरवं रान असतं, आणि दसऱ्यानंतर माणसं निघायच्या आत कामं वाटून घेता येतात. त्याआधी महिला सभेत विषय मांडा. सरपण आणि चारा कुठून येतो, हे बायांना बरोबर ठाऊक असतं. आणि त्याच्याही आधी, सभा-बिभा काही नाही, शेळ्या-मेंढ्या असलेल्या प्रत्येक घरी जाऊन बसा. कोण कोणत्या महिन्यात कुठं चारतं, पाणी कुठं पाजतं, ते लिहून घ्या.

आमच्या गावातल्या एका धनगर बाबांनी अशाच एका बैठकीत तोडगा काढला. माळाचे तीन तुकडे करा, एक बंद, दोन चालू. बंद तुकडा कधी उघडायचा? बाबा म्हणाले, "शेळीला विचारा." शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहिली की तिचं तोंड जिथवर पोचतं, त्याच्या वर बहुतेक झाडांचा शेंडा गेला की उघडायचा. आमच्या पहिल्या तुकड्याला पाचवं वर्ष लागलं. आज तिथं शेळ्या चरतात, खालचा पाला खातात, झाडाला धक्का लागत नाही.

बंद तुकड्यातलं गवत वाया घालवू नका. विळ्यानं कापून न्यायला सगळ्यांना मोकळीक ठेवा. कुसळी गवत असेल तर कुसळं पिकायच्या आधी कापा, नाहीतर ती जनावरांच्या तोंडात आणि कातड्यात घुसतात. पवन्या आणि मारवेल गवत फुलोऱ्यात असताना कापलं तर चारा कसदार मिळतो, पण प्रत्येक ठिकाणी एक पट्टा बी पडेपर्यंत उभा सोडा. आम्ही एका विळ्यामागं दिवसाला वीस रुपये घेतो, भूमिहीन घरांकडून काहीच नाही. ते पैसे जाळरेषेच्या (वणवा अडवायला खरडून काढलेल्या पट्ट्याच्या) मजुरीला जातात. 2016 च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमची जनावरं चारा छावणीत होती. त्या उन्हाळ्यात घराशेजारी गवताची एक गंजी असती तर दावणीची म्हैस विकावी लागली नसती.

फुटवे आणि लेंड्यांतलं बी

पळसाच्या किंवा धावड्याच्या तोडलेल्या खुंटाला आठ-दहा फुटवे येतात आणि सगळेच काटकुळे राहतात. थंडीत त्यांची विरळणी करा. खाली वाकून बघा, जमिनीलगत फुटलेला, सरळ, जाड असा एक फुटवा निवडा, दुसरा सोबतीला ठेवा. खुंटाच्या वरच्या कडेला फुटलेला ठेवू नका, तो मोठा झाल्यावर वाऱ्यानं फाटतो. बाकीचे धारदार कोयत्यानं बुडातून तिरपे छाटा, म्हणजे कापावर पाणी साचत नाही. एका झाडाला पाच मिनिटं लागतात. रोपवाटिकेतलं कोणतंही रोप या फुटव्याइतक्या वेगानं वाढणार नाही, कारण याची मुळं आधीच खडकात उतरलेली आहेत.

बियांसाठीही शेळीच कामाला येते. उन्हाळ्यात ती बाभळीच्या शेंगा खाते, रात्री रवंथ करताना बरंच बी तोंडातून टाकते, काही लेंड्यांतून पडतं. हे बी पोटातून आल्यानं कवच मऊ होऊन चांगलं उगवतं. शेळ्यांचा वाडा झाडताना ते वेगळं काढा आणि पहिला चांगला पाऊस झाला की पाणी अडवायला खणलेल्या चरांच्या मातीवर टोका. सीताफळाचं बीही असंच टोकता येतं, आणि त्याचा पाला शेळ्या सहसा खात नाहीत, म्हणून आमच्याकडं बंद तुकड्याच्या कडेला सीताफळच आहे.

चर

हे थोडक्यात सांगते, कारण त्यावर माहिती भरपूर मिळते. काम माथ्याकडून पायथ्याकडं करा. समपातळी रेषा आखायला तीन काठ्यांची ए-फ्रेम बांधा, शेंड्यातून दोरीला दगड सोडा. दोरी आडव्या काठीवर जिथं येते तिथं खूण, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन्हींच्या मधोमध दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत. चर दोन फूट रुंद, दीड फूट खोल, माती उताराच्या बाजूला. असा दहा फुटांचा एक चर भरला की साधारण साडेआठशे लिटर पाणी धरतो, म्हणजे दोनशे लिटरचे चार बॅरल. रोजगार हमीतून मजुरी मिळू शकते, त्यासाठी काम ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आधी घालावं लागतं. जिवंत मूळ दिसलं तर चर तिथं तोडा आणि पुढून सुरू करा. मशीनला ते दिसत नाही, म्हणून आम्ही जेसीबी नाकारला.

आता पाऊस महिनाभर दडी मारतो आणि मग दोन दिवसांत सगळं ओतून जातो. 2025 च्या सप्टेंबरात बीड-धाराशिवात शेतंच्या शेतं खरडून गेली. त्या पावसात आमचेही चर भरून वाहिले. पण राखलेल्या तुकड्याखालच्या ओढ्याचं पाणी दुसऱ्या दिवशी निवळलं होतं, आणि उघड्या उताराखालचा ओढा पाच दिवस लाल वाहत होता. दोन्हींखाली शेतं आहेत, आणि वरची माती कुणाच्या रानातून वाहून गेली ते सगळ्या गावानं पाहिलं.

जाळ

15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम. नेमकी त्याच्या सुरुवातीला तरणी माणसं फडावर असतात, गावात आम्ही बाया आणि म्हातारी माणसं. म्हणून जाळरेषा जानेवारीतच संपवा. माळाच्या पायथ्याशी, जिथं शेतकरी बांध पेटवतात, आणि गाडीवाटेच्या दोन्ही अंगांना, किमान दहा फूट रुंद पट्टा मातीपर्यंत खरडून काढा. कापलेलं गवत उचलून न्या. बांध पेटवायचा असेल त्यानं आदल्या दिवशी समितीला सांगायचं आणि चार माणसं जवळ ठेवायची, एवढा एक नियम आम्ही कडक ठेवलाय.

वणवा लागलाच तर 1926 या वनखात्याच्या हॅलो फॉरेस्ट नंबरवर फोन करा आणि बीटगार्डला कळवा. नायलॉनची साडी बदलून सुती घाला, पायात बूट, तोंडाला ओला फडका. आग चढावर धावते, म्हणून तिच्या वरच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही. मागून आणि दोन्ही कडांनी हिरव्या डहाळ्यांनी झोडपत पुढं सरका. ज्वाला माणसाच्या उंचीच्या झाल्या की मागं फिरा आणि जाळरेषेवर थांबा. विझल्यावर लगेच घरी जाऊ नका. सुकी शेणं आणि पोकळ बुंधे आतून धुमसत राहतात, त्यांच्यावर माती टाका आणि दोन माणसं पहाटेपर्यंत बसवा. गेल्या वर्षी तिसऱ्या तुकड्यात जाळ लागला, तेव्हा सगळ्यांत आधी पोचली ती शेळीवाल्यांचीच चार घरं. रात्रभर बुंध्यांवर माती टाकत बसलेल्यांत ते धनगर बाबाही होते.