'खिन्न वाटतं काय?' विचारल्यावर मावशी गप्पच बसल्या: आरोग्य सर्व्हेच्या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

माझं गाव कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. घरात मराठी, शाळा मराठी, बाजारात नि बस स्टँडवर कानडी. बीएस्सी स्टॅटिस्टिक्स झाल्यावर एका आरोग्य सर्व्हेत फील्डवर लागले, तिथनं पुढं डेटा ॲनालिसिसकडं वळले. आता आपल्या भागातली बरीच पोरं-पोरी या कामात यायला लागलीत, काय शिकू म्हणून विचारतात, तर एकदाच सविस्तर लिहिते.

आमच्या फॉर्ममध्ये पीएचक्यू-९ होता, म्हणजे डिप्रेशन मोजायचे प्रश्न. ९ प्रश्न, मागच्या २ आठवड्यांत किती दिवस त्रास झाला ते विचारायचं, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७, आणि १० किंवा वर गेलं की डिप्रेशनची नीट तपासणी हवी असं धरतात. अमेरिकेतल्या दवाखान्यांत तयार झालेला हा फॉर्म, २००१ साली आला. आमच्या हातात कानडी नि मराठी दोन्ही भाषांतरं छापून दिलेली. उदास वाटण्याच्या प्रश्नात कानडीत शब्द होता 'बेजार', मराठीत 'खिन्न'. आता बेजार आपल्याकडं मराठी माणूसपण दिवसातनं दहा वेळा म्हणतो, खिन्न कोण म्हणतं सांगा! निपाणीकडं विड्या वळणाऱ्या एका मावशींना विचारलं तर त्या नुसत्या बघत राहिल्या, मग म्हणाल्या "तसलं काय न्हाई बाई", मी ० टाकला. फॉर्म संपला, चहा आला, आणि मग त्याच मावशी सांगायला लागल्या की पोरगा गेल्यापासनं कशात जीव लागत न्हाई, घास गोड लागत न्हाई, काळीज जड झालंय. तोवर मार्क टाकून झालेले, आणि गप्पांतलं ऐकून उत्तर बदलायचं नाही असा नियम होता. तो ० मला अजून टोचतो.

पुढं रिपोर्टात आलं की मराठी बोलणाऱ्या घरांत डिप्रेशन कमी. वाचून रात्रभर झोप नाही आली, कारण उद्या समुपदेशक कुठल्या गावाला द्यायचा हे असल्याच आकड्यांवरनं ठरतं.

फरक खरा की नुसता शब्दाचा, हे तपासायची पद्धत आहे, तिला डिफरन्शियल आयटम फंक्शनिंग म्हणतात, थोडक्यात डीआयएफ. कल्पना सोपी आहे. ज्यांचा एकूण स्कोअर साधारण सारखा आहे अशी मराठी नि कानडी माणसं शेजारी ठेवायची आणि बघायचं की एकाच प्रश्नाला एक गट सारखा कमी मार्क देतोय का, देत असेल तर तो प्रश्न दोन्हीकडं एकच गोष्ट मोजत नाही. यासाठी मँटेल-हेन्झेल किंवा लॉजिस्टिक रिग्रेशन या आकडेशास्त्रातल्या पद्धती वापरतात, आर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात लॉर्डिफ नि मर्ट ही पॅकेजं आहेत, आणि इनव्हेरियन्स, म्हणजे अख्खा फॉर्म दोन्ही गटांत एकच गोष्ट मोजतो का, ते बघायला लवान. जगभर सापडलेलं जुनं उदाहरण म्हणजे रडू येण्याचा प्रश्न. डिप्रेशन तेवढंच असलं तरी बायका त्याला जास्त हो म्हणतात, पुरुष म्हणत नाहीत.

पण एक गोष्ट मला उशिरा कळली, ती तुम्ही आधीच लक्षात ठेवा. ही पद्धत प्रश्नांची एकमेकांशी तुलना करते. एखाद-दुसरा प्रश्न वाकडा असेल तर सापडतो, पण भाषांतरातले बरेच प्रश्न एकाच बाजूला कललेले असतील तर एकूण स्कोअरच कललेला असतो आणि कॉम्प्युटर सगळं बरोबर आहे म्हणून सांगतो. तिथं गावात जाऊनच बसायला लागतं, प्रश्न वाचून दाखवायचा नि विचारायचं, "मावशी, मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा बघू." याला कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणतात. माझ्या मते आपल्या भागातल्या पोरांचा खरा उपयोग इथं आहे, कारण पुण्याची मराठी नि बेंगळुरूची कानडी या दोन्हींपेक्षा वेगळं बोलणं आपल्या कानात आहे.

फरक दिसला म्हणजे भाषांतरच चुकलं असंपण नसतं. झोपेचा प्रश्न घ्या. ऊसवाल्या गावात पुरुष सरसकट झोप होत नाही म्हणायचे, मला वाटलं केवढं टेन्शन आहे यांना, नंतर कळलं की थ्री-फेज करंट रात्री येतो म्हणून मोटार चालू करायला उठतात. शब्द बरोबर, उत्तर खरं, पण मोजलं गेलं ते करंटचं टायमिंग. असले प्रश्न कुठल्या महिन्यात विचारले तेपण लिहून ठेवत जा.

नुसतं "तब्येत कशी आहे" विचारलं तरी हाच घोळ. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये लिहिलेलं की केरळात आयुर्मान देशात सगळ्यात जास्त, आणि आजारी आहे म्हणून सांगणारेही तिथंच जास्त, बिहारात दोन्ही कमी. दवाखाना बघितलेला, शिकलेला माणूस दुखणं ओळखतो, बाकीचे त्याला रोजचंच म्हणतात.

उत्तरांच्या पर्यायांकडं कोणी बघत नाही, तिथंपण घात होतो. 'अर्ध्याहून जास्त दिवस' म्हटलं की बायका 'कधी कधी' म्हणून मोकळ्या होतात. आम्ही पुढच्या वेळी १४ शेंगा समोर ठेवल्या, एक शेंग एक दिवस, जेवढे दिवस त्रास तेवढ्या बाजूला काढा. बाजाराच्या दिवसावरनं मागचे दोन आठवडे आठवून दिले. आणि सासू शेजारी बसली असेल तर सुनेचा फॉर्म भरूच नका, परत या.

नववा प्रश्न जीव द्यावासा वाटतो का हा आहे. कोणी हो म्हणालं तर पुढं काय करायचं, कुठल्या डॉक्टरकडं पाठवायचं हे ठरल्याशिवाय फील्डवर जाऊ नका, वरचे घाई करत असतील तरी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर पाठ करा, फोन फुकट लागतो.

शिकायचं म्हणाल तर आकडेशास्त्राचा पाया, आर, आणि कानडी लिपी वाचता येणं, कारण कानडी नि मराठी फॉर्म शेजारी ठेवून वाचल्याशिवाय फरक कळत नाही. मी एका वहीत त्रासाचे शब्द गावावार लिहिते: जीव लागत नाही, डोकं सुन्न, काळीज जड, बेजार आलं. खानापूर, निपाणीकडचे बरेच जमलेत. अथणी, चिक्कोडीकडचे फार कमी आहेत, तिकडचं कोण असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा, पुढच्या भाषांतराच्या वेळी लागतील.