एक जूनची पोरं

आमच्या संस्थेत, म्हणजे बालगृहात, निम्म्याहून जास्त पोरांचा वाढदिवस १ जूनला असायचा. ज्याची जन्मतारीख कुणालाच माहीत नाही त्याला शाळेत घालताना १ जून लावून टाकायची, ही आपल्याकडची जुनी रीत. लहानपणी त्याची मजा वाटायची, कारण त्या दिवशी शिरा व्हायचा. २०१६ च्या १ जूनला आम्ही तिघं एकदमच अठरा वर्षांचे झालो आणि त्याच आठवड्यात पत्र्याच्या पेट्या घेऊन फाटकाबाहेर उभे राहिलो. माझी आयटीआयची शेवटची परीक्षा अजून व्हायची होती. पेटीत दोन ड्रेस, दहावीचं मार्कलिस्ट आणि स्वयंपाकाच्या मावशींनी गुपचूप दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. खिशात साडेआठशे रुपये. रात्री कुठे झोपायचं, हे तिघांपैकी कुणी ठरवलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

हे लिहितोय ते अजून आत असलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींसाठी. संस्थेत नव्याने केस वर्कर म्हणून लागलेल्या ताई-दादांनीही वाचलं तर बरंच.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. अठरा झाले म्हणजे सरकारचा आणि तुमचा संबंध संपला, असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. बाल न्याय कायदा २०१५ चा. त्याच्या कलम ४६ मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला आर्थिक मदत देण्याची तरतूद आहे. हिला अनुरक्षण म्हणतात. ती २१ वर्षांपर्यंत मिळते आणि खास कारण असेल तर २३ पर्यंत वाढते. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत यासाठी महिन्याला ४००० रुपये धरलेत. राहण्याची सोय, शिक्षण, प्रशिक्षण काळातला स्टायपेंड, समुपदेशक, हे सगळं नियमांत लिहिलेलं आहे. सहा ते आठ जणांनी मिळून खोली घेऊन राहायची सोयसुद्धा. मी बाहेर पडलो तेव्हा हा कायदा लागू होऊन जवळपास पाच महिने झाले होते. मला तो कळला २०१९ मध्ये, एका शिबिरात, चहाच्या रांगेत उभा असताना. तोवर मी एकवीस ओलांडून बसलो होतो.

म्हणून पहिलं काम: मागा. नियम म्हणतो की मूल बाहेर पडायच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) किंवा केस वर्करने पुढचा आराखडा करून बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे आपल्यासारख्या मुलांचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या कमिटीपुढे, ठेवायचा. तुमच्या बाबतीत हे झालंय का, ते अधीक्षक सरांना सरळ विचारा. समितीपुढे उभं राहिलात की तिथेही बोला. आपल्याला कमिटीपुढे मान खाली घालून 'हो मॅडम' म्हणायची सवय असते. त्या दिवशी ती सोडा. अनुरक्षणाची ऑर्डर झाली की तिच्या दोन झेरॉक्स काढून एक स्वतःकडे आणि एक विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. आणि हो, ही मदत फक्त अनाथांसाठी नाही. आपल्यातल्या कित्येकांची आई असते, पण सांभाळू शकत नाही. त्यांनीही अर्ज करायचा.

कायदा दोन महिने म्हणतो, मी म्हणतो दोन वर्षं. कारण खरा वेळ खातात ते कागद.

माझ्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव एक होतं आणि आधारवर दुसरं. दाखल्यावरचं संस्थेत दाखल करताना कुणीतरी दिलेलं, आधारवरचं जुन्या फायलीत सापडलेलं. अठरा वर्षं त्याने काही अडलं नाही. अप्रेंटिसशिपचा फॉर्म भरायला बसलो आणि सगळं अडलं. दहावीचा बोर्डाचा फॉर्म जाण्याआधी शाळेत नाव आणि जन्मतारीख दुरुस्त करणं त्यामानाने सोपं असतं. एकदा मार्कलिस्टवर छापून आलं की मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव, आणि हेलपाटे. तेव्हा तुम्ही नववीत असाल तर आजच दाखला, आधार आणि संस्थेच्या रजिस्टरवरचं नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. 'ई' ऱ्हस्व की दीर्घ, तेसुद्धा. आधारला पंधरा पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, तेही उरकून घ्या. आणि मोबाइल नंबर तुमचा स्वतःचा जोडा. माझ्या आधारला ज्या अधीक्षक सरांचा नंबर होता त्यांची बदली झाली होती. प्रत्येक ओटीपीसाठी मी त्यांना फोन करायचो. बिचारे देवदर्शनाला गेले असले तरी रांगेतून ओटीपी सांगायचे.

बँकेच्या खात्याचंही तसंच. संस्थेत असताना आपलं खातं पालक म्हणून अधीक्षकांच्या सहीने चालतं. अठरा पूर्ण झाले की ते तुमच्या सहीवर करून घ्यावं लागतं, नव्याने केवायसी देऊन. मला माहीत नव्हतं. एका दात्याने माझ्या नावावर ठेवलेले अकरा हजार चार महिने तसेच पडून राहिले आणि मी मित्राच्या खोलीत फुकट्या पाहुण्यासारखा पडून राहिलो. वाढदिवसानंतरच्या पहिल्याच आठवड्यात पासबुक, आधार, फोटो घेऊन बँकेत जा, शक्यतो संस्थेतल्या कुणाला बरोबर घेऊन.

ज्यांचे आईवडील नाहीत त्यांनी अनाथ प्रमाणपत्र बाहेर पडण्याआधी काढून घ्यावं. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून जातो. याचं महत्त्व समजायला थोडं मागे जावं लागेल. जातीचा दाखला काढायचा तर वडिलांकडच्या नात्यातले जुने पुरावे लागतात. ओबीसी असाल तर १९६७ च्या आधीचे. ज्याला वडिलांचं नावच ठाऊक नाही त्याने ते कुठून आणायचे? मग तो आपोआप खुल्या प्रवर्गात. अमृता करवंदे या गोव्याच्या अनाथाश्रमात वाढलेल्या मुलीचं स्पर्धा परीक्षेत नेमकं असंच झालं. तिने पाठपुरावा केला, मुख्यमंत्र्यांना भेटली आणि २०१८ मध्ये महाराष्ट्रात अनाथांना नोकरी आणि शिक्षणात १ टक्का समांतर (जातीवर न ठरणारं) आरक्षण लागू झालं. पुढे त्यात संस्थेत वाढलेले आणि संस्थेबाहेर नातेवाइकांकडे वाढलेले अशा दोन वर्गवाऱ्या झाल्या. २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात ठरावीक प्रवर्गांतल्या, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या मुलींना जी पूर्ण माफी आहे, तीत या दोन्ही वर्गवाऱ्यांतल्या अनाथ मुलामुलींनाही धरलंय. एका कागदावर एवढं अवलंबून आहे, तेव्हा तो लॅमिनेट करू नका (काही ठिकाणी लॅमिनेट केलेलं मूळ प्रमाणपत्र घेत नाहीत), फाइलमध्ये ठेवा.

काय शिकावं, यावर मी फार बोलणार नाही. मला आयटीआय इलेक्ट्रिशियनने तारलं, कारण दोन वर्षांत हाताला काम मिळालं. पण माझ्याबरोबर बाहेर पडलेल्या एकाला खरंतर बीए करायचं होतं, आणि 'तुम्हाला लवकर कमवायला पाहिजे' असं सगळ्यांनी सांगितल्यामुळे त्याने वेल्डर केलं. आजही त्याला वेल्डिंग आवडत नाही. मुलींना तर अठरा लागायच्या आत 'चांगलं स्थळ आलंय' म्हणून सांगतात. स्थळ चांगलं असेलही. पण अनुरक्षण मुलींनाही आहे, वसतिगृहं आहेत, आणि नकार द्यायचा हक्क आहे. घाई दुसऱ्याची असेल तर तुम्ही थांबा.

आता खोलीचं. मी पुण्याजवळ भोसरीत कॉट बेसिसवर, म्हणजे खाटेपुरत्या भाड्यावर राहिलो, चौघांत एक खोली. घरमालकिणीने पहिला प्रश्न विचारला, "गावाकडं कोण असतं?" मी म्हटलं, "कुणी नाही." तिने खोली दिली नाही. दुसऱ्या ठिकाणी मी "काका असतात" असं ठोकून दिलं आणि खोली मिळाली. खोटं बोलायला शिकवत नाहीये. पण हा प्रश्न येणारच आहे, तेव्हा उत्तर आधी ठरवून ठेवा. आता कुणी विचारलं तर मी म्हणतो, "मी संस्थेत वाढलो, हा आमच्या सरांचा नंबर, बोलून घ्या." सरांना तसं आधी सांगून ठेवलं की झालं. भाडेकरार मात्र नोंदणीचाच करा. पत्त्याचा पुरावा म्हणून पुढे तोच कामाला येतो.

पहिल्या संध्याकाळी मी भात लावला. संस्थेत पाळीने साठ जणांचा तांदूळ धुतला होता, पण एकट्यासाठी किती घ्यायचा ते माहीत नव्हतं. अंदाजाने टाकला. झाकण वर उचलून भात बाहेर आला. तो आम्ही चौघांनी दोन दिवस खाल्ला, दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन. सुटीच्या दिवशी मावशींच्या मागे लागा आणि एका माणसाची आमटी, एका माणसाची भाजी करून बघा. हसतील, हसू द्या. तसंच एसटीचं तिकीट स्वतः काढा, दवाखान्यात केसपेपर स्वतः काढा, मंडईत भाव विचारा. या गोष्टी आत असताना कधी कराव्याच लागत नाहीत.

पहिला स्टायपेंड अकरा दिवसांत संपवला, हेही सांगतो. मोबाइल, बूट आणि सगळ्यांना मिसळ. पैसा हाताळायची सवयच नसते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. नंतर मी पगार झाला की त्याच दिवशी भाडं आणि मेसचे पैसे बाजूला काढायला लागलो आणि पोस्टात ५०० रुपयांचं आवर्ती खातं उघडलं. त्याने मला दोनदा वाचवलं, एकदा डेंग्यूत आणि एकदा नोकरी गेली तेव्हा.

रात्री झोप येत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. तीस जणांच्या हॉलमध्ये वाढलेल्या माणसाला शांतता सोसत नाही. पोरं गावी गेली की मी बल्ब चालू ठेवून झोपायचो. पुढे आम्ही एक जूनवाल्या तिघांनी ठरवलं की रविवारी कुणा एकाच्या खोलीवर जेवायचं. ते अजून चालू आहे.

आता माझी स्वतःची भाड्याची खोली आहे, लग्नही झालंय. संस्थेतून दर वर्षी एखाद-दुसरं पोर बाहेर पडतं, आणि फॉर्मवर 'पत्रव्यवहाराचा पत्ता' या रकान्यात काय लिहू म्हणून फोन करतं. मी म्हणतो, माझा लिही. मागच्या महिन्यात पोस्टमनने दारात गठ्ठा धरून विचारलं, "साहेब, पाच आडनावांची पत्रं येतात, इथं राहतं तरी किती जण?"

"दोघं," बायको आतून म्हणाली. "पण सगळी द्या."